दुष्काळातही न आटणारं पाणी

प्रस्तावना

11 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी 50 झाल्या आणि एका खेपेला 25 लाख लिटर पाणी येऊ लागलं. हुलसूरला आम्ही हे टीव्हीवर बघत होतो. लातूर आम्हाला परकं नाही. मोठा दवाखाना तिकडे, पोरांच्या शिकवण्या तिकडे, मोंढा तिकडे, सोयरीकही तिकडेच. त्यामुळे ती रेल्वे आपल्याच घरी आल्यासारखी वाटली, आणि आपल्यावरही ही वेळ येणार या विचाराने पोटात गोळाही आला.

त्या दिवसांत एक साधा हिशेब डोक्यात शिरला, तो अजून गेलेला नाही. घरात आलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के पाणी वापरून पुन्हा बाहेर पडतं. सांडपाण्याची योजना आखताना आपल्याकडचे अभियंते हाच आकडा धरतात. म्हणजे 25 लाख लिटरची रेल्वे आली की त्यातलं 20 लाख लिटर एक-दोन दिवसांत मोरीतून आणि नालीतून गावाबाहेर जाणार. टंचाईत लोक भांडी विसळलेलं पाणीही झाडाला घालतात, तेव्हा त्या महिन्यांत हा आकडा नक्कीच कमी असणार. तरी कृष्णेकाठाहून तीनशेहून अधिक किलोमीटरवर आणलेल्या पाण्याचा मोठा वाटा एकदाच वापरून नाल्याला लागला. मांजरा धरण आटलं होतं, विहिरी आटल्या होत्या, बोअर नुसती हवा ओढत होते. नाली तेवढी वाहत होती.

हे पुस्तक त्या नालीतल्या पाण्याबद्दल आहे. आणखी नेमकं सांगायचं तर, शहराच्या जुन्या मैलापाणी प्लांटमध्ये मेंब्रेनची बारीक गाळणी बसवून ते पाणी पुन्हा कामाचं कसं करता येतं, त्यासाठी काय द्यावं लागतं आणि काय सोसावं लागतं, याबद्दल आहे.

हुलसूरमध्ये बसून हे का लिहायचं, असं मला विचारलं गेलं आहे. आमचं गाव लहान. 2018 साली कर्नाटकात नवे तालुके झाले तेव्हा बसवकल्याणमधून निघून हुलसूर तालुक्याचं ठिकाण झालं. त्याआधी 1956 साली जुना बीदर जिल्हा भाषेच्या रेषेवर वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि आम्ही दुसरीकडे. कागदावर राज्य बदललं, पण मांजरा नदीने आपली वाट बदलली नाही. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवते, लातूरकडून आमच्याकडे येते, बीदरवरून तेलंगणात जाते आणि शेवटी गोदावरीला मिळते. वरच्या शहराने काय सोडलं ते खालच्या गावाला प्यावं लागतं, आणि खालचं गाव त्याच्याही खालच्याला तेच देतं. या खोऱ्यात सांडपाण्याचा विचार एका गावापुरता करताच येत नाही. म्हणून हुलसूर.

पाणी दुसऱ्यांदा वापरणं आमच्या घरांना नवं नाही. आमच्या परसात मोरीचं पाणी दगडी चरातून केळीला जायचं आणि केळीच्या पलीकडे अळू. भांड्यांना राख, अंगाला साधा साबण. त्या पाण्याने केळीचं काही बिघडत नसे. पिण्याचं पाणी आई जुन्या लुगड्याच्या चार पदरी फडक्यातून गाळायची. ही जुन्या बायकांची नुसती रीत नव्हती. बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट तपासली आणि 2003 साली निष्कर्ष छापले: जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकी 48 टक्क्यांनी कमी झाली. वापरून मऊ पडलेल्या सुती कापडाच्या चार घड्यांत साधारण 20 मायक्रॉनची जाळी तयार होते. पटकीचे जंतू त्याहून कितीतरी लहान असतात, पण ते पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि त्यांच्यासोबत अडकतात. मेंब्रेन समजावून सांगताना मी नेहमी या लुगड्यापासून सुरुवात करतो. मैलापाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मेंब्रेनची छिद्रं 0.04 मायक्रॉनची असतात, म्हणजे आईच्या फडक्याहून 500 पट बारीक. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. आतड्यातला सामान्य जीवाणू एक-दोन मायक्रॉनचा. तो या छिद्रातून जाऊच शकत नाही.

पण मेंब्रेन एकटं काही करत नाही, आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. मैलापाणी खरं साफ करतात ते जीवाणू. ही पद्धत मँचेस्टरच्या डेव्हीहुल्म इथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 साली जगापुढे ठेवली. मैलापाण्यात हवा सोडत राहायची, त्यात वाढलेला जीवाणूंचा गाळ फेकून न देता पुन्हा टाकीत घ्यायचा, म्हणजे तो गाळच पुढची घाण खातो. आज आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या प्लांटमध्ये याच कल्पनेचं कुठलं ना कुठलं रूप चालू असतं. हवा सोडणाऱ्या ब्लोअरची टाकी आणि तिच्यापुढे गाळ खाली बसवणारी गोल टाकी. वरचं निवळ पाणी काठावरून ओसंडतं आणि नाल्याला जातं.

सगळी मेख त्या गोल टाकीत आहे. गाळ स्वतःच्या वजनाने खाली बसेल यावर सगळा भरवसा. टाकीत तंतूसारखे जीवाणू माजले की गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगतो आणि बसत नाही. पावसाळ्यात नालीतून एकदम दुप्पट पाणी आलं की तो उचलला जाऊन काठावरून निघून जातो. रात्री लाइट गेली, ब्लोअर चार तास बंद राहिला, की सकाळी गाळ काळा पडलेला आणि वर तरंगत असतो. ज्यांनी प्लांटवर नोकरी केली आहे त्यांना तो वास आणि ती सकाळ ठाऊक आहे. अशा दिवशी बाहेर पडणाऱ्या पाण्याला शुद्ध केलेलं पाणी म्हणणं मला कधी जमलं नाही.

मेंब्रेन लावलं की ही गोल टाकी लागतच नाही. शेवयांच्या जुडीसारख्या पोकळ नळ्यांच्या चौकटी किंवा पुठ्ठ्यासारखी सपाट पानं थेट जीवाणूंच्या टाकीत बुडवायची आणि पंपाने आतून हळू ओढ लावायची. पाणी भिंतीतून आत येतं, गाळ बाहेर राहतो. गाळ बसतो की नाही, हा प्रश्नच संपतो. जुन्या पद्धतीत टाकीत दर लिटरमागे तीन-चार ग्रॅमपेक्षा जास्त गाळ ठेवता येत नाही, कारण पुढे तो बसला पाहिजे. मेंब्रेनच्या टाकीत 8 ते 12 ग्रॅम ठेवता येतो. तेवढ्याच टाकीत खाणारी तोंडं दुप्पट-तिप्पट. म्हणून वाढलेल्या शहराला जुना प्लांट सुधारताना नवी जमीन घ्यावी लागत नाही. हवेची टाकी तीच राहते, गोल टाकी मोकळी होते आणि पाण्याची क्षमता वाढते. ज्या शहराच्या प्लांटभोवती आता प्लॉटिंग झालं आहे, त्याला ही गोष्ट किती मोलाची आहे ते मुद्दाम सांगायला नको.

या नळ्यांमागचा इतिहास मी एका परिच्छेदात उरकतो, पण एक नाव सोडवत नाही. मीठ अडवणाऱ्या मेंब्रेनचा पाया 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी घातला. त्यातले सौरिराजन भारतीय. आज घरोघरी असलेल्या आरओच्या डब्यामागे त्यांचं काम आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात मला त्यांचं नाव कधी दिसलं नाही. मैलापाण्याला मेंब्रेन लावण्याचे प्रयोग 1960 च्या दशकात झाले, पण तेव्हा गाळ जोराने नळ्यांतून फिरवावा लागे आणि विजेचा खर्च परवडत नसे. 1989 साली जपानमध्ये काझुओ यामामोतो यांनी नळ्याच टाकीत बुडवल्या आणि मंद ओढीने पाणी घेतलं. तिथून ही गोष्ट शहरांच्या आवाक्यात आली.

आता दुसरी बाजू, आणि ती मी जास्त सविस्तर मांडणार आहे, कारण विकणारे ती मांडत नाहीत.

अशा मेंब्रेनमधून विरघळलेलं मीठ जसंच्या तसं पार होतं. औषधांचे अंश, रंगाचे काही अंश पार होतात. नत्र आणि स्फुरद कमी करायचं काम जीवाणूंचं. टाक्यांची रचना त्यासाठी वेगळी करावी लागते. पाणी काचेसारखं दिसतं म्हणून ते पिण्याचं झालं असं समजू नये. विजेचा खर्च जुन्या पद्धतीहून बराच वाढतो, कधी दुप्पट होतो, कारण नळ्यांवर गाळ साचू नये म्हणून खालून हवेचे बुडबुडे सतत सोडावे लागतात. आणि मेंब्रेन ही कायमची वस्तू नाही. नीट सांभाळलं तर सात ते दहा वर्षं. मग ते बदलावं लागतं, आणि त्या पैशांची तरतूद पहिल्या वर्षापासून बाजूला काढावी लागते. ज्या नगरपालिकेला ब्लोअरचा पट्टा बदलायला तीन महिने मंजुरी मिळत नाही, तिने हा विचार टेंडर काढण्याआधी करावा.

मेंब्रेनचा सगळ्यात मोठा शत्रू केस आहे. हसू नका. घराघरातून न्हाणीत गळलेले केस, कपड्यांचा दोरा, पुसणीची लव हे सगळं प्लांटवर येतं. एक-दोन मिलिमीटरची बारीक जाळी नसेल तर ते पोकळ नळ्यांच्या मुळाशी जाऊन वेणी घालावी तसं गुंफलं जातं. एका शहरात मी हे स्वतः पाहिलं. सुधारणा करताना पैसे वाचवायला जुनी सहा मिलिमीटरची जाळी तशीच ठेवली होती. वर्षाच्या आत नळ्यांच्या जुड्या दोरखंडासारख्या पिळल्या गेल्या. माणसं कात्री घेऊन बसली होती आणि कात्रीबरोबर नळ्याही कापल्या जात होत्या. कोट्यवधींचं मेंब्रेन काही लाखांच्या जाळीने वाचलं असतं. त्या दिवशी मला जो संताप आला, त्यातून या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण झालं आहे.

दुसरी गोष्ट दाबाची. नळीतून पाणी ओढायला किती ओढ लागते, हे एक मीटर सांगतो. ओढ हळूहळू वाढली तर नळ्या रोजच्यासारख्या मळत आहेत. एकदम वाढली तर वरच्या बाजूला काहीतरी बिघडलं आहे. हा आकडा दिवसातून तीनदा वहीत लिहिणारा ऑपरेटर मेंब्रेन वाचवतो. मळलेल्या नळ्या धुण्यासाठी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि सायट्रिक ॲसिड वापरतात. हायपो सेंद्रिय मळ काढतो, ॲसिड क्षार. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस जागीच गुदमरतो. त्यामुळे एकाचं पाणी पूर्ण काढून, टाकी धुवून, मगच दुसरं. हे वाक्य पुस्तकात पाच ठिकाणी आलं आहे. ते वगळण्याचा सल्ला मिळाला, मी ऐकला नाही. त्याच कारणाने टाकीत माणूस उतरवण्याबद्दलचा भाग कायद्याच्या भाषेत न ठेवता साध्या मराठीत लिहिला आहे. 2013 च्या कायद्याने साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी आहे, तरी दरवर्षी बातम्या येतात. प्लांट आधुनिक झाला म्हणून टाकीतला वायू आधुनिक होत नाही.

हे सगळं कुठे चाललं आहे? नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोली इथे महापालिकेने प्रत्येकी 20 एमएलडीचे, म्हणजे रोज 2 कोटी लिटरचे, पुढच्या टप्प्याचे प्लांट केले. तिथे आधीच शुद्ध झालेलं मैलापाणी अल्ट्राफिल्ट्रेशन मेंब्रेनमधून जातं आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी वापरता येतं. तेवढं धरणाचं पाणी माणसांसाठी मोकळं होतं. चेन्नईत कोयंबेडूला 45 एमएलडी पाणी मेंब्रेनच्या दोन टप्प्यांतून शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतींना जातं. नागपूरचं मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तिथे मेंब्रेन नाही, पण गिऱ्हाईक आहे, आणि माझ्या मते नागपूरकडून शिकायचं ते हेच: आधी पाणी कोण घेणार ते ठरवा, मग यंत्र ठरवा.

कर्नाटकातलं उदाहरण मात्र आपल्या सीमाभागाला जास्त जवळचं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कोलारचा भाग आपल्यासारखाच कोरडा. बोअर हजार फुटांखाली गेलेले. बेंगळुरूचं शुद्ध केलेलं मैलापाणी नळाने आणून तिथले तलाव भरायचे, ही के. सी. व्हॅली योजना 2018 साली सुरू झाली. आखणी 440 एमएलडीची. तलाव भरले, आसपासच्या विहिरींना पाणी आलं, शेतकऱ्यांनी ते पाहिलं. त्याच पहिल्या पावसाळ्यात एका तलावात फेसही दिसला आणि लोकांनी पाहिलं तेही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पुढे सर्वोच्च न्यायालयात. आक्षेप असा होता की हे पाणी दुसऱ्या, म्हणजे जीवाणूंच्या, टप्प्यापर्यंतच शुद्ध झालेलं आहे, आणि तलावातून ते जमिनीत, जमिनीतून पिण्याच्या विहिरीत जातं. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं समजतं. ज्याचं शेत दहा वर्षं पडीक होतं त्याला तलावातलं पाणी नाकारायचा अधिकार कोणाला आहे? आणि ज्याच्या विहिरीतून लेकरं पाणी पितात, त्याने तिसऱ्या टप्प्याची मागणी केली तर त्याला विकासाचा विरोधक का म्हणायचं? कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत 2008 पासून मैलापाणी जमिनीत मुरवतात, पण मुरवण्याआधी ते बारीक मेंब्रेन, आरओ आणि अतिनील किरण अशा तीन पायऱ्यांतून जातं. नामिबियातल्या विंडहूक या कोरड्या शहराने तर 1968 सालीच शुद्ध केलेलं मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळायला सुरुवात केली. जमिनीखाली सोडायचं पाणी किती शुद्ध हवं, हा प्रश्न बीदर-कलबुर्गीच्या तलावांपुढे उद्या येणारच आहे. तो न्यायालयात जाण्याआधी ग्रामसभेत यावा असं मला मनापासून वाटतं.

बीदरला हा प्रश्न जास्त लागू आहे, त्याचं कारण जमिनीत आहे. शहर लाल जांभ्याच्या पठारावर वसलं आहे आणि जांभ्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं आणि पाषाणावर येऊन आडवं वाहतं. बहमनी काळातल्या लोकांनी हे ओळखून नौबादजवळ सुरंग बावी खोदली. जमिनीखालून सुमारे तीन किलोमीटर चालणारा पाण्याचा बोगदा आणि वर हवेसाठी, उतरण्यासाठी विहिरींसारखी तोंडं. अलीकडे ती साफ होऊ लागली तेव्हा आत पुन्हा पाणी दिसलं. जो दगड पावसाचं पाणी इतक्या सहज आत घेतो, तो सेप्टिक टँकचं आणि उघड्या नाल्याचंही तितक्याच सहज घेतो. पाचशे वर्षांपूर्वीचं ते काम बघायला लोक लांबून येतात. त्याच्या वरच्या जमिनीवर आज काय सांडतं, हेही त्यांना दाखवायला हवं.

नियमांबद्दल थोडक्यात. केंद्राने 2017 साली बाहेर सोडायच्या पाण्याची जी मर्यादा ठरवली ती महानगरांबाहेर सैल होती: बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप, लिटरला 30 मिलिग्रॅम. राष्ट्रीय हरित लवादाने 30 एप्रिल 2019 च्या आदेशात ती सगळ्यांसाठी 10 वर आणायला सांगितलं. जुन्या पद्धतीने रोज, बाराही महिने 10 च्या खाली राहणं अवघड, मेंब्रेनने सहज. त्यानंतर 2021 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले आकडे मात्र मला जास्त छळतात. देशाच्या शहरांत 72,368 एमएलडी मैलापाणी तयार होत होतं, बांधलेल्या प्लांटची क्षमता होती 31,841 आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं 20,236. बांधलेल्यातलाही तिसरा हिस्सा कोरडा. तो कोरडा राहतो कारण भुयारी गटाराच्या नळ्या घरांपर्यंत पोचत नाहीत, विजेचं बिल थकतं, ऑपरेटरला पगार वेळेवर मिळत नाही. मेंब्रेन यातलं एकही दुखणं बरं करत नाही. उलट जुना प्लांट जे दुर्लक्ष चार वर्षं सोसतो, ते मेंब्रेन चार महिनेही सोसत नाही. म्हणूनच मी या पुस्तकात यंत्राइतकीच पानं वही, पगार आणि वीजबिलाला दिली आहेत.

म्हणून हुलसूरला आज मेंब्रेन नको, हे इथेच स्पष्ट लिहितो. आमच्यासारख्या गावाला शोषखड्डे, झाकलेल्या नाल्या आणि गावाबाहेर दोन-तीन उथळ तळी पुरतात. ऊन आणि शेवाळ तिथे फुकट काम करतं. 2011 च्या जनगणनेत 70 हजारांच्या आसपास असलेलं बसवकल्याण, दोन लाखांवर गेलेलं बीदर, तिकडे उदगीर आणि लातूर, इकडे कलबुर्गी: विचार तिथे व्हावा, जिथे जमीन संपली आहे आणि शुद्ध पाणी घेणारा कारखाना किंवा तलाव जवळ आहे. कर्नाटक सरकारने 2017 साली शहरी सांडपाण्याच्या पुनर्वापराचं धोरणही केलं आहे, तेव्हा कागदाची अडचण सांगता येणार नाही.

पुस्तक मराठीत का, हेही सांगायला हवं. आमच्याकडे प्लांटवरची माणसं आपसांत मराठी, कन्नड आणि दखनी अशी तिन्ही बोलतात. यंत्रावरच्या पाट्या आणि कंपनीचं जाडजूड पुस्तक मात्र इंग्रजीत असतं. ते कपाटात कुलपात असतं आणि किल्ली साहेबांकडे. रात्रपाळीला मीटरचा काटा लाल पट्टीत गेला की ऑपरेटरपुढे काही नसतं. मी जाणूनबुजून जड प्रतिशब्द घडवले नाहीत. ब्लोअरला ब्लोअर, जाळीला जाळी, बॅकवॉशला बॅकवॉश म्हटलं आहे, कारण रात्री फोनवर तेच शब्द बोलले जातात. कन्नड भाषांतराचं काम एका मित्राने हाती घेतलं आहे. ते होईपर्यंत आकृत्यांखाली कन्नड शब्द दिले आहेत.

ज्या ऑपरेटरांनी आपल्या वह्या मला बघू दिल्या त्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून इथे देत नाही. शेवटचं प्रकरण जवळजवळ त्यांनीच लिहिलं आहे, त्यांच्या तारखांसकट आणि त्यांच्या चुकांसकट. नगरसेवकांनी खर्चाच्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. शेतकऱ्यांनी तलावाचं प्रकरण आधी वाचावं. प्लांटवर नव्याने लागलेल्या मुलाने मात्र पहिल्या पानापासून वाचावं. ते पान जाळीवर आहे, सकाळी सहाला ती कशी साफ करायची त्यावर.

हुलसूर